उभ्या गाडीतले ई२० : पेट्रोलियम मंत्रालय आणि तेल कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय, नवी दिल्ली
आणि सरकारी तेल कंपन्यांचे विपणन विभाग

विषय : जुन्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

एमजी, ट्रायम्फ, जग्वार अशा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दोन आसनी गाड्या चालवणारे आणि त्या दुरुस्त करणारे आम्ही काही जण आहोत. इथेनॉल बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. महाराष्ट्रात राहून उसावर राग धरणे आम्हाला परवडणार नाही, आणि तसा तो नाहीही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली मिरज आणि मनमाडला झाले, २००३ पासून ५ टक्के आले, २०२२ मध्ये १० टक्के झाले. तोवर आम्ही गुपचूप निभावून नेले. आता २० टक्के, म्हणजे ई२०, आले आहे. सगळ्यांना बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, हेही आम्हाला ठाऊक आहे. आम्ही मागतो ते फार थोडे आहे. मोठ्या शहरात एखाद्या पंपावर एक नोझल कमी इथेनॉलचे असावे आणि देशातल्या प्रत्येक नोझलवर आत किती टक्के इथेनॉल आहे ते लिहिलेले असावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयाने केलेल्या खुलाशात म्हटले होते की, काही जुन्या वाहनांतले रबरी भाग आणि गॅस्केट साधारण २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, आणि तो खर्च किरकोळ असेल. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी हे ठीक असेल. आमची एमजीबी (एमजीचेच एक मॉडेल) वर्षाला हजार किलोमीटर चालली तरी पुष्कळ झाले. म्हणजे तुमच्या हिशेबाने तिचे रबर २०४५ साली बदलायला येईल. प्रत्यक्षात जुना पेट्रोल पाइप एक-दोन पावसाळ्यांत आतून सुटायला लागतो, कारण आमच्या गाडीत पेट्रोल जळते कमी आणि मुरते जास्त. जून ते सप्टेंबर ती ताडपत्रीखाली उभी असते. तुमच्या चाचण्यांत गाडी पळते. आम्हाला हवी आहे ती उभ्या गाडीची चाचणी.

उभ्या गाडीत काय होते, ते नेमके सांगतो. एमजीबीला हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारे दोन एसयू कार्बोरेटर असतात, एचएस४ जातीचे. प्रत्येकाच्या बाजूला जस्ताच्या मिश्रधातूचे, पेट्रोल साठवणारे वाटीएवढे फ्लोट चेंबर. त्याला हवेचे भोक असते, म्हणून आतले पेट्रोल काही आठवड्यांत उडून जाते. हलका भाग आधी जातो आणि तळाला चिकट, पिवळसर राळ उरते. इथेनॉल हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे ही राळ ओलसर आणि किंचित आम्लधर्मी असते. गणपतीच्या सुमाराला वरचे तीन स्क्रू काढून झाकण उचलले की आत भिंतीवर पांढरी भुकटी दिसते, तवकीर सांडल्यासारखी. ते गंजलेले जस्त. बोटाने चोळले तर खाली धातूला देवीचे वण असावेत तसे खड्डे. ही भुकटी आत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या निडल व्हॉल्व्हच्या सीटवर बसते, निडल पूर्ण बंद होत नाही, आणि पेट्रोल ओव्हरफ्लो पाइपमधून बाहेर येते. एमजीबीचे कार्बोरेटर आणि धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला असतात, कार्बोरेटर वर आणि तापलेला मॅनिफोल्ड खाली. गळतीला आम्ही का घाबरतो, हे यावरून कळावे. प्रत्येक गाडीत निदान एक किलोचे पावडरचे अग्निशामक नळकांडे असलेच पाहिजे, आणि ते डिकीत नको, सीटपाशी हाताला लागेल असे हवे.

आता टाकीतल्या पाण्याबद्दल, कारण यावर अतिशयोक्ती फार ऐकू येते. पन्नास लिटरच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल असेल तर वर चाळीस लिटर हवा. पावसाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानात पाच अंशांचा फरक धरला तर रोज जेमतेम पाऊण लिटर हवा आत-बाहेर होते, आणि त्या दमट हवेतून चार महिन्यांत येणारे पाणी दोन-तीन ग्रॅम भरते. ते काही टाकी बुडवत नाही. खरे पाणी येते झाकणाच्या कुजलेल्या वॉशरमधून, गाडी धुताना, आणि कधी कधी पंपाच्या भूमिगत टाकीतून. पूर्वी हे पाणी तळाला वेगळे राहायचे. टाकीच्या तळाचा बोल्ट काढला की कपभर पाणी निघून जायचे आणि काम व्हायचे. इथेनॉल ते पाणी आपल्यात घेते. दहा टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये दहा लिटरमागे साधारण ५० मिलीलिटर पाणी मुरते, वीस टक्क्यांच्यात त्याहून जास्त. हा ई२०चा गुणच म्हणायला हवा. पण मर्यादा ओलांडली की जवळजवळ सगळे इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला जाऊन मिळते आणि दोन लिटरचा थर तळाशी बसतो. पेट्रोल ओढणारी नळी तळाशीच असते. मग स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन काही पकडत नाही.

एमजीबीची टाकी वरून गंजते, त्याचा मात्र इथेनॉलशी संबंध नाही. ती डिकीच्या तळाला चिकटून बसवलेली असते, मध्ये चिखल साचतो, कोकणातल्या हवेत तो वाळतच नाही. अशा टाकीला आतून लेप लावून गळती थांबवायची पद्धत आहे. पण वीस वर्षांपूर्वी लावलेले बरेच लेप इथेनॉलपुढे टिकत नाहीत. त्यांचे सालपटासारखे पापुद्रे निघतात आणि फिल्टरमध्ये येऊन बसतात. गाडी साठच्या पुढे गेली की अडखळते, थांबवून पाच मिनिटांनी सुरू केली की पुन्हा नीट चालते. ही लक्षणे दिसली तर मेकॅनिक आधी ठिणगीची कॉइल बदलतो, मग कंडेन्सर. टाकी शेवटी उतरवतो.

मिश्रणाचा प्रश्न वेगळा. नुसत्या पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई२०ला सुमारे १३.५. नव्या गाडीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंजेक्शन वाढवतो. एसयूला सेन्सर नाही. त्यात एक निमुळती सुई, ०.०९० इंचांचे जेट (पेट्रोल येण्याचे भोक) आणि वर-खाली होणारा पिस्टन एवढाच कारभार. त्यामुळे तीच सेटिंग ई२०वर आठेक टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी, चालते. थंड इंजिन चोक सोडवत नाही, पिकअपला खाकरते, आणि घाटात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नको इतके तापतात.

आम्ही यावर जे करतो, ते इथे मुद्दाम लिहितो. एक तर इतर मालकांना उपयोग होईल, आणि दुसरे म्हणजे आम्ही हात जोडून बसलेलो नाही हे तुम्हाला कळेल. जेटखालचा षट्‌कोनी नट पूर्ण वर घेऊन मग बारा कडा, म्हणजे दोन फेरे, खाली आणला की मूळ सेटिंग. ई२०साठी तो आणखी दोन-तीन कडा खाली लागतो. दोन्ही कार्बोरेटरना सारखाच, एकेक कड करत. मग इंजिन गरम असताना पिस्टनखालची पिन हलकेच दाबून पिस्टन एक मिलीमीटरहून कमी उचलायचा. आवाज क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर, वाढतच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), पडला तर अजून लीन. शेवटची खात्री प्लगवर : पाचेक किलोमीटर एका वेगात चालवून, क्लच दाबून इंजिन बंद करायचे, बाजूला घ्यायचे आणि प्लग काढून पाहायचा. भाजलेल्या बिस्किटाचा रंग हवा. पांढरा दिसला तर तसेच पुढे जाऊ नये.

पण नट हा पूर्ण उपाय नाही. त्याचा परिणाम स्लो रनिंगला सर्वात जास्त होतो आणि वेग वाढेल तसा कमी होतो. वरच्या वेगात मिश्रण सुईच्या आकारावर ठरते, आणि तिथे सुधारायचे तर एक पायरी रिच सुई हवी, तीही जोडीने. ती इंग्लंडहून मागवावी लागते. समजा आणली, बसवली, आणि पुढच्या पंपावर महागडे पेट्रोल वेगळ्या टक्क्याचे निघाले, तर? ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोल खडखड न करता किती दाब सोसते त्याचा, आकडा पंपावर मोठ्या अक्षरांत असतो, इथेनॉलचा नसतो. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे समजून लोक जुन्या एमजी टीडीत शंभर ऑक्टेन भरतात. टीडीचे कॉम्प्रेशन ७.२५ ला १ आहे. तिला शंभर ऑक्टेनचा काडीचा फायदा नाही, तिला हवे ते इथेनॉलचे कमी प्रमाण.

उन्हाळ्यात आणखी एक उपद्रव. मेमध्ये वाहतूक कोंडीतून बाहेर पडून गाडी बंद केली की बॉनेटखालची उष्णता वर चढते आणि फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते. थोडे-बहुत हे पूर्वीही व्हायचे, पण इथेनॉल हलक्या घटकांना लवकर उडायला लावते, त्यामुळे आता दहा मिनिटांनी गाडी सुरू करणे हा नशिबाचा भाग झाला आहे. उष्णतारोधक पत्रा जागेवर असावा आणि त्यामागचे अस्तर गळून पडलेले नसावे, एवढे प्रत्येकाने बघावे. पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर बांधावी. बॉनेट उघडून उभे राहिले तर गर्दी जमते, त्याला इलाज नाही.

पाइपचे म्हणाल तर बाजारात काळा रबरी पाइप मीटरवर मिळतो आणि वरून सगळे सारखेच दिसतात. पाहायचे ते वरचे छापील अक्षर. एसएई जे३० आर९ असे लिहिलेला पाइप आतून फ्लुरो-रबराचा असतो, तो इथेनॉल सोसतो. आर६ किंवा काहीच न लिहिलेला घेऊ नये. पाच-सोळांश इंची, म्हणजे आठ मिलीमीटरचा, दीड-दोन मीटर घेतला की एमजीबीला पुरतो. बदलताना टाकी ते पंप हा मागचा तुकडा विसरला जातो, कारण तो दिसत नाही. तिथे पाइप आतून सुटला तर पेट्रोल गळत नाही, पंप हवा ओढतो. एसयूचा इलेक्ट्रिक पंप मागच्या चाकापाशी असतो आणि बोलका असतो : चावी फिरवली की टकटक करतो आणि फ्लोट चेंबर भरले की गप्प बसतो. इंजिन बंद, चावी चालू, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा टक झाले, तर कुठेतरी निडल गळते आहे किंवा हवा शिरते आहे. जलद आणि न थांबता टकटक असेल तर टाकीकडच्या बाजूला शोधावे.

एमजीच्याच एमजीए, टीसी, टीडी या मॉडेलांच्या जुन्या एच जातीच्या एसयूमध्ये जेटभोवती बुचाचे वॉशर असतात. गाडी उभी राहिली की ते वाळतात आणि पहिल्या दिवशी गळतात. त्याऐवजी फ्लुरो-रबराच्या रिंगा बसवता येतात. जग्वारच्या एचडी कार्बोरेटरमध्ये जेटखाली डायफ्राम, म्हणजे पातळ रबरी पडदा, असतो, तो कडक होऊन चिरतो. हे भाग लहान आहेत, पण एकही इथे दुकानात मिळत नाही. अँबेसिडरचे १४८९ सीसी इंजिन आणि एमजीए १५००चे इंजिन एकाच घराण्यातले, म्हणून इंजिनाचे पुष्कळ काम अँबेसिडर जाणणाऱ्या मिस्त्रींच्या हातून होते. कार्बोरेटरच्या बाबतीत तो आधार नाही.

बदलाला आमची ना कधीच नव्हती. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे नसलेले पेट्रोल आले. जुन्या बीडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट शिशामुळे टिकायची. शिसे गेले तशी ती झिजून व्हॉल्व्ह आत बुडू लागला आणि टॅपेटचा १५ थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप आपोआप कमी होऊ लागला. त्या वेळी कुणी खुले पत्र लिहिले नाही. हेड उतरवले, लेथवाल्याकडे नेऊन कडक पोलादाच्या चार सीट ठोकून घेतल्या, विषय संपला. शिशाने माणसे आजारी पडत होती, त्यामुळे वाद घालण्यासारखे काही नव्हते. आताची अडचण तशी एकदा दुरुस्त करून संपणारी नाही. जस्ताचे फ्लोट चेंबर बदलले तरी नवे पुन्हा जस्ताचेच असते.

इथे सरकारच्याच दुसऱ्या हाताकडे लक्ष वेधतो. जुलै २०२१ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षे, पाटीवर व्हीए ही अक्षरे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. नियम चांगला आहे. पण एक मंत्रालय सांगते मूळ स्वरूप जपा आणि फार फिरवू नका, आणि दुसऱ्याचे पेट्रोल नेमके मूळ स्वरूपातल्या, न फिरणाऱ्या गाडीलाच खाते. पेट्रोल भरायला गाडी बाहेर काढण्याची परवानगी आहे. काय भरायचे, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

ब्रिटनने हा प्रश्न सोडवला आहे, तेही आपल्यापेक्षा अर्ध्या इथेनॉलवर. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे साधे पेट्रोल १० टक्क्यांवर गेले, तेव्हा महागड्या सुपर पेट्रोलमध्ये ५ टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली आणि नोझलवर ई५, ई१० असे गोल शिक्के लावले. जास्त पैसे मोजायची तयारी असलेल्याने ते भरावे. आमचीही ती तयारी आहे. अनुदान नको.

खप किती, असे विचारले जाईल. एमजीबी लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते. हजार किलोमीटरला सव्वाशे लिटरही लागत नाही. सगळ्यांचे मिळून वर्षाचे पेट्रोल काही मोजक्या टँकरांत मावेल. त्यामुळे रोजच्या पंपावर वेगळी भूमिगत टाकी बांधा असे आम्ही म्हणत नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, मडगाव अशा ठिकाणी एकेक पंप ठरवून, महिन्यातून ठरावीक दिवशी, आगाऊ नोंदणी करून आणि आरसी पाहून विक्री केली तरी चालेल. पावसाळ्यापूर्वीच्या मे महिन्यात एवढे झाले, तरी निम्मे नुकसान टळेल.

तोवर मालकांना एक विनंती. इथेनॉल पाण्याने धुऊन काढायचे घरगुती प्रयोग करू नका. तेल कंपन्या इथेनॉलचे ऑक्टेन गृहीत धरून मूळ पेट्रोल बनवतात. इथेनॉल काढले की ऑक्टेन खाली येते आणि ८.८ कॉम्प्रेशनची एमजीबी चढावर खडखडू लागते. शिवाय आत पाण्याचे थेंब राहतात ते वेगळेच. सप्टेंबरपर्यंत गाडी उभी करायची असेल तर टाकी एक तर काठोकाठ भरा, नाही तर पूर्ण रिकामी करा. मग पंपाची वायर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे फ्लोट चेंबर कोरडे होतील.

प्रमाण मोजायला मात्र पाणी उपयोगी पडते, आणि ही चाचणी तुमच्या पंपावरही करता यावी अशी आमची मागणी आहे. शंभर मिलीलिटरचे आकडे असलेले काचेचे नळकांडे घ्या. त्यात १० मिलीलिटर पाणी आणि ९० मिलीलिटर पेट्रोल घालून, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटे ठेवा. उघड्यावर, आगीपासून दूर, हातमोजे घालून. खालचा थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. १९च्या आसपास गेला तर दहा टक्के, २८ला गेला तर वीस. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचे माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहेच. त्या कपाटात हे एक नळकांडे ठेवायला जागा होईल.

उभ्या गाड्यांची चाचणी घ्यायची झाली तर पुण्याला एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे, आणि ई२०वरचे काम त्यांनी पूर्वी केलेले आहे. त्यांना जस्ताचे फ्लोट चेंबर, बुचाचे वॉशर, लेप दिलेल्या टाकीचे तुकडे आणि चार महिने गाडीत राहिलेल्या पेट्रोलचे नमुने लागतील. ते सर्व आम्ही देऊ. ऑक्टोबरमध्ये ताडपत्र्या निघतात, तेव्हा माणूस पाठवावा.

आपले,
जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे काही मालक आणि मिस्त्री
मुंबई, पुणे, कोल्हापूर, मडगाव